एक वाक्य आणि पाच वर्षांचे पत्ते

15 डिसेंबर 2024 रोजी नागपूरच्या राजभवनात 39 मंत्र्यांचा शपथविधी झाला. जिंतूरच्या आमदार मेघना बोर्डीकर यांनी त्यात राज्यमंत्री म्हणून शपथ घेतली. पुढे त्या परभणीच्या पालकमंत्रीही झाल्या. ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ हे शब्द आपण एका दमात म्हणतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या शपथा आहेत. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत राज्यातल्या मंत्र्यांसाठी पाचवा नमुना पदाचा आहे आणि सहावा गोपनीयतेचा. मंत्री म्हणून जे समोर येईल, जे कळेल, ते कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेवढे सोडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कुणालाही सांगणार नाही, एवढाच त्या सहाव्या नमुन्याचा आशय.

आमदाराला हा सहावा नमुना नाही. बोर्डीकर 2019 पासून आमदार होत्या, पण गोपनीयतेचे बंधन आले ते मंत्रिपदाबरोबर. शासनाच्या बंद फायलींचे दार उघडते ते या एका वाक्याने! हे वाक्य मोडले तर काय शिक्षा, हेही संविधान सांगत नाही. 1923चा शासकीय गुपिते अधिनियम आहे, पण तो सगळ्यांनाच लागू आहे, खास मंत्र्यांसाठी नव्हे.

आता दुसरे दार पाहा. गंगाखेड किंवा पाथरीकडच्या एखाद्या मुलाची केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवड होते. त्याच्या हाती साक्षांकन नमुना येतो. गेल्या 5 वर्षांत सलग वर्षभराहून अधिक काळ कुठेकुठे राहिलास? कधी अटक झाली? कुठला खटला चालू आहे? हा कागद त्याच्या जिल्ह्यात येतो आणि पोलीस ठाण्यापर्यंत पोचतो. ठाण्याच्या नोंदवहीतले गुन्हे तपासले जातात, आणि गावात चौकशी करायची तर पोलीस पाटील असतोच. दिल्लीतल्या एखाद्या कार्यालयात त्या मुलाला टेबल मिळायचे की नाही, याचा धागा असा थेट गोदाकाठच्या गावात येऊन पोचतो.

पडताळणी पार पडली म्हणजे सगळी कपाटे उघडली असे मात्र नाही. ‘टॉप सीक्रेट’, ‘सीक्रेट’, ‘कॉन्फिडेन्शियल’, ‘रिस्ट्रिक्टेड’ अशा गुप्त कागदांच्या चढत्या-उतरत्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न: तुमच्या कामाला ही माहिती लागते का? हुद्दा मोठा असला तरी काम नसेल तर फाईल नाही.

त्या साक्षांकन नमुन्यात काही लपवले तर? 2016 साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा फार समंजस विचार केला. लपवणे गंभीरच, पण तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ गुन्हा यांसाठी, तो सांगितला नाही म्हणूनसुद्धा, माणसाला कायमचे बाद करायलाच हवे असे नाही. नोकरी देणाऱ्याने तारतम्य वापरावे. माणूस घडत जातो हे न्यायालयाने ध्यानात घेतले, याचे मला फार मोल वाटते.

मग मंत्र्याला कुणीच तपासत नाही का? तपासतात, आणि ते भर उजेडात. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण मतदाराला कळलेच पाहिजे असे ठरवले. तेव्हापासून ती माहिती प्रतिज्ञापत्रातून जाहीर होते. नोकरदाराची चौकशी ठाण्याच्या कागदात मिटून राहते, निवडून येणाऱ्याची चौकशी जिंतूरच्या मतदाराच्या हाती येते. रीत उलटी, पण प्रश्न तोच: या माणसावर विश्वास टाकावा का?

आणि मंत्र्याने जपायच्या गुपितांना मुदतही आहे. माहिती अधिकार कायद्याच्या 8व्या कलमानुसार मंत्रिमंडळाचा निर्णय होऊन विषय पूर्ण झाला की निर्णय, त्याची कारणे आणि ज्या कागदांवर तो घेतला ते कागद उघड करायचे असतात. अपवाद फक्त त्याच कलमात सांगितलेले. परभणीतल्या कुणालाही ते 10 रुपयांच्या शुल्काचा अर्ज करून मागता येतात.