पोट लहान झाले; स्वयंपाकघराचे काय?

पंगतीत पाने वाढून झाल्यावर यजमानीण बाईंनी तुपाची तांबली हाती घेऊन, "आणखी एक पोळी घ्याच, माझ्या गळ्याची शपथ आहे," असा आग्रह केला नाही, तर पाहुणा अर्धपोटी उठला असे आपल्याकडे समजतात. प्रेम मोजण्याचे आपल्या घरातील माप म्हणजे वाढणे. हे माप किती जुने व किती गोड आहे हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध चार शब्द लिहिताना हात अडखळतो. परंतु हल्ली आपल्या घरांतून एक नव्या प्रकारचा जेवणारा पानावर बसू लागला आहे. त्याच्यापुरते तरी हे माप बदलल्यावाचून गत्यंतर नाही. हा जेवणारा म्हणजे वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य.

आमच्या नात्यातील एक बाई मुरबाडास राहतात. घर एकत्र; सासूबाई, दीर, जाऊ, मुलेबाळे मिळून अकरा पाने रोजची. बाईंचे वजन ११२ किलो झाले होते. मधुमेह मागे लागलेला, आणि गुडघे असे धरलेले की देवघरापुढे मांडी घालून बसणे होईना. चार वर्षांपूर्वी मुंबईस त्यांची शस्त्रक्रिया झाली. दीड वर्षात वजन ७६ किलोवर आले, मधुमेहाच्या बहुतेक गोळ्या सुटल्या, आणि पौष पौर्णिमेस म्हशाच्या जत्रेत त्या कोणाचा हात न धरता हिंडल्या. घरात सत्यनारायण झाला. पुढे तिसऱ्या वर्षी, डोळ्यांत भरण्याजोगे काही न घडता, काटा पुन्हा वर सरकू लागला. ७८, ८१, ८४. बाई कोणास काही बोलल्या नाहीत. त्यांनी वजनकाटा माळ्यावर टाकून दिला. "एवढा पैसा घातला, एवढे सोसले, आणि माझे मीच सारे घालवून बसले," असे त्या एके संध्याकाळी माझ्यापाशी रडत म्हणाल्या. त्यांच्या या वाक्यात अर्धेच सत्य आहे असे मला वाटते. उरलेले अर्धे सांगावे, यासाठी हा लेख.

शस्त्रक्रिया काय करते व काय करीत नाही

जठराला बगल देण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० नंतरच्या दशकात घातला. आपल्याकडे आता ती अपरिचित राहिलेली नाही, श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली वजनासाठी शस्त्रक्रिया करवून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आज मुख्यतः दोन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग उभा कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी राखून ती पुढच्या आतड्यास जोडतात. भूक चाळविणारा ग्रेलिन नावाचा जो स्राव जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली उजेडात आणला, तो बहुतांशी जठराच्या ज्या भागात तयार होतो, तोच भाग पहिल्या प्रकारात निघून जातो. त्यामुळे आरंभीचे कित्येक महिने भूक मंदावते, थोडक्यात तृप्ती होते, आणि वजन झपाट्याने उतरते.

परंतु जिभेची आवड, मनाची हौस, वर्षानुवर्षांची सवय आणि घरातील स्वयंपाकघर यांवर शस्त्रक्रिया होत नाही. शहापूर तालुक्यातील वाचकांनी भातसा धरण पाहिलेलेच आहे. भिंत बांधून झाली म्हणजे काम संपत नाही. दरवाजांवर माणूस नेमावाच लागतो, आणि तोही कायमचा. तसेच येथे आहे.

स्वीडनमध्ये १९८७ साली आरंभलेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांवर पुढे अनेक वर्षे नजर ठेवण्यात आली. जठराला बगल दिलेल्यांचे वजन एक ते दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येणे हा देहाचा धर्मच आहे. त्यात पाप नाही व लाज तर नाहीच नाही. त्याचबरोबर मोठा लाभ दहा वर्षांनंतरही टिकून होता, हेही विसरू नये. प्रश्न एवढाच की, परत येणारे वजन दाराशी थांबवावयाचे की माजघरापर्यंत येऊ द्यावयाचे.

वजन कोणत्या वाटेने परत येते

लहान झालेले जठर घट्ट अन्न अडवून धरते. मऊ, गोड व पातळ पदार्थ मात्र त्यातून सहज निसटतात. अर्धी भाकरी व वाटीभर उसळ जिला संपत नाही, तीच बाई दिवसातून सहा वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा घेऊ शकते. श्रीखंड, पेढा, बासुंदी यांना मज्जाव होत नाही. डब्यातून येता-जाता उचललेला मूठभर चिवडा कोणाच्या हिशेबात धरला जात नाही; पण अशा दहा मुठी झाल्या म्हणजे एक जेवण होते.

दुसरी वाट उपवासाची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडी मऊ असते, तुपात परतलेली असते, आणि देवाच्या नावाने तिला घरात मुक्तद्वार असते. संकष्टीस व एकादशीस ताक, दही, दूध व थोडा राजगिरा यांवर भागविले तर व्रतही मोडत नाही व पथ्यही मोडत नाही.

तिसरी वाट केवळ गृहिणींची आहे. मुलांच्या ताटांत उरलेला भात, पातेल्याच्या तळाशी राहिलेली खीर, "अन्न टाकू नये" म्हणून स्वतःच्या पोटात घालावयाची. अन्नाचा मान राखलाच पाहिजे. पण तो राखण्यासाठी झाकण व शीतकपाट आहे, जाऊबाईंचे पोट नव्हे.

बगल दिलेल्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, चक्कर, पोटात कळा असा प्रकार होतो. ही नजर लागलेली नसते व अपचनही नसते. साखरेनेच दिलेली ती ताकीद असते.

पानात काय असावे

पहिले काही आठवडे पातळ, मग घोटलेले, मग मऊ अन्न, हा क्रम डॉक्टर लिहून देतात, व तो अक्षरशः पाळावा. त्यानंतरचा जन्मभराचा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रथिने आधी, भाजी नंतर, भात शेवटी. आपली पंगत वरणभाताने सुरू होते. या पानावर वरण आधी यावे आणि भात दोन घासांचा, तोही शेवटास. भातपिकाच्या या मुलखात हे सांगणे सोपे नाही, हे मी जाणून आहे.

दिवसाकाठी निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. ती कमी पडली तर वजनाबरोबर स्नायूही झडतात. शाकाहारी घरात हा हिशेब आपोआप जुळत नाही, तो मांडावा लागतो. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे नऊ, ३० ग्रॅम कोरड्या मुगात किंवा वालात सात, २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत दहा, दीडशे ग्रॅम दह्यात पाच. ही बेरीज करून पाहिली म्हणजे पेज व भात यांवर दिवस काढणे किती धोक्याचे आहे ते कळते. ज्यांना अंडे चालते त्यांना एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. ज्यांना चालत नाही त्यांना डॉक्टर बहुधा प्रथिनांची पूड देतात.

आपल्या तालुक्यांत यासाठी लागणारे बरेचसे हाताशीच आहे. सोललेल्या वालांचे बिरडे आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तांदळात तो नाममात्र. पावसाळ्यात ठाकूर व कातकरी बाया टाकळा, कुर्डू, भारंगी बाजारात आणून बसतात. त्या भाज्या नीट शिजवून, कमी तेलात, घ्याव्यात.

अन्न कितीही चोख असले तरी ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह व चुना यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शाकाहाऱ्यांस ब-१२ची उणीव अधिकच भासते. लोहाची व चुन्याची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर घरगुती काढ्यांत दिवस न घालविता डॉक्टर गाठावा, कारण ब-१च्या अभावाने मज्जातंतूंस इजा होते.

घराने काय करावे

येथे मी मूळ मुद्द्यावर येतो. पथ्य एकाचे, पण स्वयंपाक अकरांचा. म्हणून पथ्याचा भार एकट्याच्या निश्चयावर टाकणे अन्यायाचे आहे.

आग्रह करू नये, आणि "एवढेच?" असे तर कधीही विचारू नये, तोही आग्रहच. पान लहान, वाटी लहान, घास लहान असावा, आणि जेवणास वीस-पंचवीस मिनिटे मिळावीत. सर्वांना वाढून झाल्यावर उभ्याउभ्या चार घास गिळण्याची जी पद्धत सुनांच्या वाट्यास आली आहे, ती या बाईंपुरती तरी त्याच दिवशी बंद व्हावी. पाणी जेवणाबरोबर नको. अर्धा तास सोडून, घोटघोट. गोडाचे डबे समोरच्या फळीवरून हलवावेत. त्याने घरातील इतरांचेही नुकसान होणार नाही.

दुसरे असे की, तपासणी चुकवू नये. मुरबाडहून कल्याणपर्यंत एस.टी., शहापुराहून आसनगाव स्टेशन, मग लोकल. सारा दिवस मोडतो. बरे वाटू लागले की हा प्रवास पहिल्याने गळतो. पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी व पुढे दरसाल रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांस विचारून पुष्कळशा तपासण्या गावातच करता येतात. एका वहीत तारखा, वजन व अहवाल उतरवावेत, आणि मुंबईस जाताना घरातील एकाने बरोबर जावे.

वजन चार-पाच किलोंनी चढले तर लपवू नये व उपाशीही राहू नये. लवकर सांगितले तर आहार बदलून, औषधाने किंवा क्वचित अन्य उपायाने ते आवरता येते. आमच्या बाईंचे तीन हात उलटून गेले ते न सांगितल्यामुळे. आणि सांगितले नाही, कारण सांगितल्यावर घरात खटला उभा राहील अशी भीती होती.

तसे झाले नाही. त्यांच्या जाऊबाईंनीच माळ्यावरचा काटा खाली काढला व महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघींनी मिळून वजन करावयाचे ठरविले. सकाळी कुकराच्या आधी मुगाची उसळ चढू लागली. दुपारचा चहा बिनसाखरेचा झाला. दिरांनी दोन दिवस कुरकुर केली व मग तोच प्याले. आज बाईंचे वजन ८० किलो आहे. ते ७६ होईल की नाही मला सांगता येत नाही, आणि त्यांनीही तो हट्ट सोडला आहे.

गेल्या गणेशचतुर्थीस मी त्यांच्याकडे पानावर होतो. सासूबाई मोदकांचे ताट घेऊन निघाल्या. सर्वांना दोन-दोन, तीन-तीन वाढीत त्या सुनेच्या पानाशी आल्या, एक मोदक हातात घेऊन त्याचे दोन भाग केले, अर्धा तिच्या वाटीत ठेवला, आणि एक शब्दही न बोलता पुढच्या पानाकडे गेल्या.