जावाचं सॉफ्टवेअर उघडायला वेळ का लागतो?

सी भाषेतला प्रोग्रॅम थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरतो आणि त्या त्या ऑपरेटिंग सिस्टिमशी बांधलेला असतो. म्हणून विंडोजसाठी बनवलेली प्रत मॅकवर चालत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावाने वेगळी वाट धरली. तिचा कंपायलर बाइटकोड नावाचा मधला कोड तयार करतो आणि तो चालवतं त्या त्या संगणकावरचं व्हर्च्युअल मशीन.

याची किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते. आयकॉनवर क्लिक केलं की आधी हे मशीन सुरू होतं, लागणारे क्लास (प्रोग्रॅमचे भाग) लोड करतं, बाइटकोड तपासतं, मग एकेक सूचना वाचून अमलात आणतं. त्यात जो भाग वारंवार चालतो, समजा एडिटरमधल्या ओळी रंगवणारा, तो हेरून चालता चालताच प्रोसेसरच्या भाषेत आणतं. म्हणूनच जावावर चालणारा इंटेलिजे आयडिया हा कोड एडिटर उघडताना रेंगाळतो आणि थोड्या वेळाने चपळ होतो. मेमरी मात्र भरपूर खातो. इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरसाठी हा सौदा मला नक्कीच परवडणारा वाटतो. साध्या कॅल्क्युलेटरसाठी अजिबात नाही.

उघडण्याआधीचीही एक अडचण होती. पूर्वी वापरणाऱ्याला जावा वेगळं इन्स्टॉल करावं लागे, आणि तिथेच अनेकजण अडायचे. २०१७ च्या जावा ९ मध्ये आलेल्या जेलिंक या साधनामुळे लागेल तेवढाच रनटाइम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि आवश्यक लायब्ररी, अ‍ॅपसोबत देता येतो.