भिगवणला फ्लेमिंगो पाहायला निघालात? कॅमेऱ्याआधी वाऱ्याचा अंदाज पाहा

डिजिटल डेस्क, चौसाळा (जि. बीड) : थंडी पडली की उजनी जलाशयातील फ्लेमिंगोंचे रील्स मोबाइलवर फिरू लागतात. चौसाळ्याहून जामखेडमार्गे भिगवणचा बेत असेल, तर निघण्यापूर्वी एवढे वाचाच.

केव्हा जावे?
डिसेंबर ते मार्च. फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी उथळ पाण्यात चिखल गाळून खातो. त्यामुळे धरण काठोकाठ भरलेले असेल, तर थवे उशिरा उतरतात. पहाटे होडीत बसायचे असल्याने आदल्या रात्री कुंभारगाव किंवा भिगवणला मुक्काम करणे सोयीचे.

हवामान का पाहायचे?
२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून (ता. करमाळा) कळाशीकडे (ता. इंदापूर) निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सात जणांपैकी एकच पोहून काठावर आला, सहा जणांचा मृत्यू झाला. पसरट जलाशयावर वाऱ्याला आडोसा नसतो, त्यामुळे लाटा झपाट्याने उठतात. हिवाळ्यातील सकाळ बहुधा शांत असते. मार्चपासून मात्र दुपारनंतर वळवाचे वारे सुटू शकतात. हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप आणि विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप आदल्या रात्री व सकाळी पाहा. नावाडी ‘नको’ म्हणाला, तर आग्रह धरू नका.

सोबत काय हवे?
• प्रत्येकाला, लहान मुलांनाही, मापाचे लाइफ जॅकेट. ते नसेल तर होडीत बसू नका.
• स्वेटर, कानटोपी. चालत्या होडीत काठापेक्षा जास्त गारठा लागतो.
• ८×४२ दुर्बीण. यातील ८ म्हणजे आठपट मोठे दृश्य, ४२ म्हणजे पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. यापेक्षा जास्त पट घेतल्यास हलत्या होडीत चित्र थरथरते.
• मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच, टोपी, पाणी.

आणखी काय दिसेल?
हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, चक्रवाक आणि चित्रबलाक.

किती जवळ जावे?
पक्षी चरायचे थांबून माना उंचावू लागले, की होडी तिथेच थांबवायला सांगा. उडतानाच्या फोटोसाठी थवा उठवू नका. प्रत्येक उड्डाणात त्यांची ताकद खर्च होते आणि चरण्याचा वेळ वाया जातो.

वारा वाढला तर पक्षी काठावरूनच पाहा. थवे उद्याही तिथेच असतील.