गोलरक्षक ब्रह्मानंद

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. दहा जण मैदानभर धावतात. अकरावा आपल्या गोलापुढे उभा असतो. मैदान दौंडचे असो की कोलकात्याचे, मोठ्यांच्या सामन्यात गोलाची रुंदी ७.३२ मीटर व उंची २.४४ मीटर असते. एवढे मोठे दार त्याने एकट्याने राखावयाचे! इतरांची चूक सोबती सावरून घेतात. गोलरक्षकाच्या मागे मात्र केवळ जाळे असते.

म्हणून तो नुसता उभा राहत नाही. चेंडू घेऊन येणाऱ्या प्रतिपक्ष्याच्या दिशेने तो चार पावले पुढे सरकतो. त्यामुळे त्या खेळाडूला गोलाचा उघडा भाग कमी दिसू लागतो. हे पाऊल केव्हा टाकावे, हे दीर्घ सरावानेच कळते.

ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी ही विद्या हस्तगत केली. त्यांचा जन्म १९५४ साली, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात झाला. साळगावकर संघाचा गोल त्यांनी अनेक वर्षे राखला. क्लबातून राज्याच्या आणि तेथून देशाच्या संघात त्यांची निवड झाली. १९८३ साली गोवा व बंगाल यांना संतोष चषक विभागून मिळाला. पुढच्याच वर्षी गोव्याने तो एकट्याने जिंकला; त्या स्पर्धेत ब्रह्मानंदांनी एकही गोल होऊ दिला नाही. भारताच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. १९९७ साली अर्जुन पुरस्कार व २०२२ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. परंतु चेंडू दूर असतानाही ज्याची दृष्टी त्यावरून ढळत नाही, त्याच्याच भरवशावर इतर दहा जण निर्धास्तपणे पुढे धावतात.