वाडा उभा राहिला, भाऊ मात्र नाही

डिसेंबर २०१५ ते जानेवारी २०२० या काळात मराठ्यांच्या इतिहासावर ‘बाजीराव मस्तानी’, ‘पानिपत’ आणि ‘तान्हाजी’ असे तीन भव्य हिंदी चित्रपट आले. डोळ्यांचं पारणं फेडणारं तिन्हींत पुष्कळ होतं. तरीही आशुतोष गोवारीकरांच्या ‘पानिपत’ची (२०१९) चुटपुट अजून जात नाही. नितीन देसाईंनी कर्जतच्या स्टुडिओत उभारलेला शनिवारवाडा खरोखर वसता वाटतो. नीता लुल्लांची वस्त्रं आणि सी. के. मुरलीधरन यांचा कॅमेरा त्या वाड्याला शोभणारे आहेत. पण पानिपत ही काही वैभवाची गोष्ट नव्हे. ती उत्तरेत अडकलेल्या एका सेनापतीची गोष्ट आहे. यमुनेला पूर, रसद तुटलेली, सैन्याबरोबर हजारो यात्रेकरू आणि बायकामुलं, छावणीत उपासमार. हा सगळा भार सदाशिवरावभाऊंच्या चेहऱ्यावर साचत जायला हवा होता. अर्जुन कपूरचा चेहरा उदगीरच्या विजयात जसा दिसतो, जवळपास तसाच १४ जानेवारी १७६१ च्या रणातही दिसतो. पुतणे विश्वासराव पडतात आणि भाऊ हत्तीवरून उतरतात. सेनापतीवर काकाने मात केली, तो हा क्षण. तिथे कॅमेरा आणि अजय-अतुल यांचं संगीत जिवाचं रान करतात, पण चेहरा साथ देत नाही.

दोष पटकथेचा आहे, असं म्हणणारे आहेत. संवाद भाषणासारखे झालेत, हे मान्यच. पण त्याच पटकथेत नवाब शाहचा इब्राहिमखान गारदी मोजक्या प्रसंगांत निष्ठेचं वजन उभं करतो. एवढ्या भव्यतेत कुणीही नट खुजाच दिसणार, हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. ‘बाजीराव मस्तानी’तला भन्साळींचा आईनामहाल काय कमी झगझगीत होता? त्या चित्रपटाने इतिहासाशी घेतलेली मोकळीक मला आजही खटकते. तरी रणवीर सिंगचा बाजीराव चालण्याबोलण्यातून पेशवा वाटतो. केशवपन केलेली, अंगावर दागिना नसलेली तन्वी आझमींची राधाबाई समोर आली की महालाकडे लक्षच जात नाही. आणि आपल्याकडे तर भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आहे. त्यात एवढा डामडौल कुठला? तरी चंद्रकांत यांच्या चेहऱ्यात एका पिढीला महाराज दिसले.

नितीन देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. त्यांचं काम पाहायला ‘पानिपत’ जरूर पाहावा. भाऊंवरचा चित्रपट मात्र अजून व्हायचाच आहे.