धंतोली

नागपूर शहरातील एक जुनी निवासी वसाहत. ती सीताबर्डी बाजारपेठेच्या दक्षिणेस, वर्धा मार्ग व नागपूर-अजनी लोहमार्ग यांच्या दरम्यान वसली असून तिच्या दक्षिणेस काँग्रेसनगर आहे. रामकृष्ण मठ (स्था. १९२८), यशवंत स्टेडियम व धंतोली उद्यान ही येथील परिचित स्थळे होत.

भोसल्यांचे जुने नागपूर महाल-इतवारीच्या बाजूस होते. ब्रिटिशांची वसाहत सीताबर्डी टेकडीच्या पश्चिमेस वाढली. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले व १८६७ मध्ये तेथे मुंबईहून लोहमार्ग आला. या दोन भागांमधील सीताबर्डीस त्यामुळे बाजारपेठेचे महत्त्व आले आणि तिच्यालगत वकील, डॉक्टर, अध्यापक अशा मध्यमवर्गाची घरे उभी राहिली. भूखंड ऐसपैस, मध्यभागी बंगला, भोवती झाडी व कुंपण आणि तेवढ्यापुरते आखलेले अंतर्गत रस्ते, असे धंतोलीचे मूळ स्वरूप होते.

शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये १,२७,७३४ होती. २०११ मध्ये ती २४,०५,६६५ झाली. वाढीचे नियोजन व्हावे म्हणून पॅट्रिक गेडीस यांनी नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला, तर १९३६ च्या अधिनियमान्वये नागपूर सुधार प्रन्यासाची स्थापना झाली. नव्या वसाहतींत रस्त्यांसाठी आधीच जागा राखता येते. धंतोलीसारख्या भरलेल्या वसाहतीत मात्र ते दुष्कर असते. भूखंडावरील बंगला पाडून बहुमजली इमारत बांधण्यास एक-दोन वर्षे पुरतात. परंतु रस्ता रुंद करावयाचा, तर दोन्ही बाजूंच्या अनेक मालकांची जमीन संपादन करावी लागते आणि बाजारपेठेच्या सान्निध्याने तिचे मोल सतत चढत गेलेले असते. एका कुटुंबाच्या जागी अनेक कुटुंबे आली, तरी रस्ता पूर्वीचाच राहतो.

येथे त्यात रुग्णालयांची भर पडली. रेल्वे स्थानक व बाजार जवळ असल्याने विदर्भ तसेच मध्य प्रदेश व छत्तीसगढ येथील रुग्णांना ही वसाहत सोयीची ठरली. निवासी रस्त्यावरील वर्दळ मुख्यतः सकाळ-संध्याकाळची असते, रुग्णालयाची मात्र अहोरात्र चालते. शिवाय नातेवाइकांची वाहने रस्त्यावरच उभी राहिल्याने रुग्णवाहिकाही अडकतात. या कोंडीविरुद्ध रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे २०१० नंतरच्या दशकात दाद मागितली. ही तक्रार रुग्णालयांविरुद्ध असली, तरी तिचे मूळ रस्त्याची रुंदी व जमिनीचा वापर यांची सांगड न घातली जाण्यात आहे, असे म्हणावे लागते.

पूर्वेकडील लोहमार्गामुळे त्या बाजूस वाट नाही. कॉटन मार्केटकडे जाण्यास उत्तरेचा लोहापूल, तर दक्षिणेस अजनीचा पूल गाठावा लागत असल्याने वाहतुकीचा भार वर्धा मार्गावर पडत आला आहे. सीताबर्डी-खापरी मेट्रोमार्ग २०१९ मध्ये सुरू झाला. त्यावरील काँग्रेसनगर स्थानक येथून जवळ आहे. बाहेरगावच्या अत्यवस्थ रुग्णाला आणणारे वाहन मात्र त्याच अंतर्गत रस्त्यांवरून रुग्णालयाच्या दाराशी पोहोचते.