पेशीतील ऊर्जेचा धडा : एक मागोवा

झाडाचे वजन कशातून वाढते, असे विचारले की वर्गातून बहुधा पहिले उत्तर येते, ‘मातीतून’. हीच समजूत यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट याने मातीच तोलून तपासली. पाच वर्षांत विलोचे रोप ५ पौंडांवरून १६९ पौंडांवर गेले. २०० पौंड माती घटली जेमतेम २ औंस. ही सारी वाढ पाण्याची, हा त्याचा १६४८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चुकला. हवा त्याने हिशेबात धरलीच नव्हती.

१७७९ मध्ये यान इंगेनहौस याने दाखवले की हवा शुद्ध करतात ते हिरवे भाग, आणि तेही उजेडातच. चंचुपात्रात नरसाळ्याखाली ठेवलेल्या हायड्रिलाचे बुडबुडे त्याच परंपरेतले. अर्धे पान झाकून आयोडीनने स्टार्च तपासण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकातल्या युलिउस झाक्सचा. शाळेची प्रयोगशाळा बहुतांशी तिथेच थांबली आहे.

विसाव्या शतकात मात्र विषय पेशीच्या आत गेला. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना एटीपी हा पेशीतील ऊर्जा वाहून नेणारा रेणू सापडला. १९३७ मध्ये श्वसनातले क्रेब्ज चक्र आले, पुढे प्रकाशसंश्लेषणातले केल्विन चक्र. पुस्तके नावांनी आणि बाणांनी भरली, विद्यार्थी ती पाठ करू लागले. पण एटीपी नेमके घडते कसे, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

१९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी उत्तर सुचवले : पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि धरणातल्या पाण्यासारखे परत वाहताना एटीपी घडवतात. आंद्रे यागेनडॉर्फ व अर्नेस्टो उरिबे यांनी १९६६ मध्ये हरितलवकातील पटले आधी आम्लात, मग अल्कधर्मी द्रावणात ठेवली आणि प्रोटॉनच्या या फरकावर पूर्ण अंधारात एटीपी मिळवले. या धड्यात सांगावा असा याहून बोलका प्रयोग नाही. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले.

तरीही जुने आकडे आणि नावे टिकून आहेत. एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी अजून शिकवले जातात. आजचा अंदाज सुमारे ३० ते ३२ आहे. केल्विन चक्राला ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणतात, पण त्याची काही विकरे उजेडानेच कार्यक्षम होतात आणि बहुतेक वनस्पतींत ते रात्री थांबते. श्वसन मात्र झाडात रात्रंदिवस चालू असते.